पालकसभेला तीन पालक आले, तिथून पुढं

2018 च्या बदल्यांत मला बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली एक दोन शिक्षकी शाळा मिळाली. पहिली ते पाचवी, 42 लेकरं, 31 घरं. जुलैत पालकसभा ठेवली. चिठ्ठ्या काढल्या, ‘तरी सर्व पालकांनी वेळेवर उपस्थित राहावे ही विनंती’. वेळ सकाळी 11 ची. सतरंज्या अंथरल्या, चहा सांगितला, फळ्यावर रंगीत खडूनं ‘सुस्वागतम्’ लिहिलं. आले तिघं. त्यातले एक आजोबा मोठ्या नातवाचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले होते, सतरंजी दिसली म्हणून टेकले.

त्यानंतर वर्षभर मी केंद्रावरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत इतरांसारखंच म्हणत होते, ‘आमच्याकडचे पालक जागरूक नाहीत हो.’ खरं काय ते एका आईनं ओढ्यावर धुणं धुता धुता सांगितलं. ‘बाई, शाळेतून बोलावणं आलं की पोटात गोळा येतो. एक तर पैशे मागतेत, न्हाईतर सह्या, न्हाईतर लेकराचं गाऱ्हाणं.’ मी मनातल्या मनात आमची वर्षभराची बोलावणी मोजली. तिचं एकही चुकीचं नव्हतं.

नव्यानं रुजू झालेल्या शिक्षक-शिक्षिका हल्ली मला विचारतात की तुमच्याकडं सभेला गर्दी कशी होते. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचा भाग ऊसतोडीचा, त्यामुळे काही गोष्टी इथल्याच आहेत. पण बोलावण्याचं कारण बदलल्याशिवाय माणसं येत नाहीत, हे कोकणात किंवा पुण्याच्या वस्तीतही वेगळं असेल असं मला वाटत नाही.

तक्रार घेऊन कुणाच्या दारात जाऊ नका

हे मी माझ्या चुकीतून शिकले. 2019 चा फेब्रुवारी. चौथीतला एक पोरगा दिवसाआड दांडी मारायचा. मी शाळा सुटल्यावर हजेरीपत्रकच पिशवीत घातलं आणि त्याच्या घरी गेले. ओट्यावर शेजारची दोन-चार माणसं बसलेली. त्यांच्यासमोरच वडिलांना खाडे मोजून दाखवले. वडील काही बोलले नाहीत. खुंटीवरचं दावं काढलं आणि पोराच्या पाठीवर दोनदा ओढलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘बगा बाई, आता न्हाई चुकवायचा.’

त्यांचं चुकलं असं म्हणायला मला आजही जीभ रेटत नाही. बाई घरी चालत आल्या म्हणजे काहीतरी करायला सांगतायत, आणि आपल्याला करता येण्यासारखं हेच, असं त्यांना वाटलं. पोरगा पुढं आठ दिवस शाळेत आला नाही. नंतर कळलं, त्या वर्षी दुष्काळामुळं गावात टँकर यायचा, अकराच्या सुमाराला. आईचे दिवस भरत आलेले, वडील रोजावर. घागरी घेऊन रांगेत उभं राहायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मी आधी ‘घरी काय चाललंय’ एवढं विचारलं असतं तरी पुढचं टळलं असतं. मग त्याला सांगितलं, ‘पाणी भर आणि ये. बारा वाजू देत, पण ये.’ तो यायला लागला. माझ्या वर्गात मात्र त्याची पाठ भिंतीला टेकलेली असायची, आणि ती का हे मला माहीत होतं.

तेव्हापासून नियम केला. पहिल्या भेटीत तक्रार नाही, दुसऱ्या भेटीतही नाही. हजेरीपत्रक, प्रगतीपुस्तक, कुठलाही छापील कागद पिशवीत घ्यायचा नाही.

घरभेट

31 घरं एकदम होत नाहीत. आठवड्याला दोन घरं धरली तर 15 जूनपासून दसऱ्याच्या आसपास सगळी संपतात, आणि आमच्याकडं दसऱ्याच्या आत संपवावीच लागतात, कारण नंतर गाव निम्मं रिकामं होतं. मी मंगळवार आणि शुक्रवार धरते. आमचा बाजार गुरुवारी असतो, त्या दिवशी कुणी घरी सापडत नाही. दिवस मावळताना जावं. जनावरं परतलेली असतात, चूल पेटायची असते. आदल्या दिवशी लेकराच्या कानावर घालावं, ‘उद्या तुमच्याकडं येणार.’ ते पळत जाऊन सांगतं, आणि घरात दोन मिनिटं आवराआवर करायला माणसांना वेळ मिळतो. अचानक गेलात तर ती बाई तुमच्याशी बोलेल, पण तिचं सगळं लक्ष पसरलेल्या भांड्यांकडं असेल.

सुरुवात शेवटच्या घरापासून करा. सरपंचांचा वाडा, दूध डेअरीवाल्यांचं घर, ही घरं कधीही होतात. बाई पहिल्यांदा कुठं गेल्या यावर गावाची नजर असते. मी पहिल्यांदा ओढ्यापलीकडच्या वस्तीवर गेले, तर दुसऱ्या दिवशी गावातल्या दोघींनी विचारलं, ‘आमच्याकडं कवा येता?’ आणि एक गोष्ट, जी कुठल्या प्रशिक्षणात मला कुणी सांगितली नाही. पाणी स्वतःहून मागून प्या. काही घरांत तुम्ही पाणी घेता की ‘नको, आत्ताच प्यायले’ म्हणता याच्याकडं सगळं घर बघत असतं. तुमचं पुढचं बोलणं ते ऐकणार की नाही ते त्या तांब्यापाशी ठरतं.

बसा जिथं बसवतील तिथं. वीस मिनिटं पुष्कळ झाली. लेकराबद्दल एक चांगली गोष्ट सांगा, पण ती डोळ्यांनी पाहिलेली असू द्या. ‘हुशार आहे, थोडं लक्ष द्या’ हे वाक्य आईबापांनी इतकं ऐकलंय की ते कानावरून जातं. ‘काल पहिलीतली पोर रडत होती, तर तुमच्या पोरानं तिला हाताला धरून माझ्यापाशी आणलं’, असं सांगितलं की बाप मान वर करतो. एक चांगली गोष्ट सांगता येईना असं झालं, तर ती भेट आठ दिवस पुढं ढकला आणि आठ दिवस त्या लेकराकडं नीट बघा. मला असं दोनदा करावं लागलंय. दोन्ही वेळी दोष माझ्या बघण्यात होता.

मग विचारा, ‘घरी काय काय करतो?’ आणि गप्प बसा. शेळ्या, पाणी, धाकटं भावंड, आजीच्या गोळ्या आणून देणं. वर्गात ‘आळशी’ ठरलेलं लेकरू पहाटे पाचला उठतं हे मला असंच कळलं.

मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. घराला एक पान. त्यात गुण-बिण काही नाही. संध्याकाळी घरी कोण असतं, मोबाईल कुणाकडं आणि रिचार्ज चालू आहे का, घरात सगळ्यात जास्त शिकलेलं कोण, तोडीला कोण जातं, मागं कोण राहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेकरू ऐकतं कुणाचं. शाळेच्या कागदावर पालक म्हणजे आईबाप. प्रत्यक्षात कुठं आजी असते, कुठं माहेरी परतलेली आत्या, एका घरात तर सातवीतला भाऊ. निरोप त्या माणसापाशी पोचला पाहिजे.

‘आमाला काय कळतंय त्यातलं’

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकायला मिळेल. त्यावर ‘अभ्यास घेत जा’ म्हणणं म्हणजे न पोहणाऱ्याला विहिरीत ढकलणं. ज्या आईनं पाटी हातात धरली नाही तिनं अभ्यास घ्यायचा म्हणजे नक्की काय करायचं? तिला जमेल असं एकच काम सांगा, आणि महिनाभर तेच राहू द्या.

माझ्याकडचं सगळ्यात चाललेलं काम दाण्यांचं. आई भाकरी थापत असते, लेकरू चुलीपाशी बसून पुस्तक वाचतं. वाचताना ते कुठं अडलं हे कळायला अक्षर यावं लागत नाही, ते कानाला कळतं. अडलं की आईनं वाटीत ज्वारीचा एक दाणा टाकायचा. रागवायचं नाही, चूक सांगायची नाही, नुसता दाणा. पान संपलं की दोघांनी मिळून दाणे मोजायचे आणि कोंबड्यांना टाकायचे. दुसऱ्या दिवशी तेच पान.

तिसरीतल्या एका मुलीकडं मी पहिल्यांदा हे सुरू केलं तेव्हा मीच शेजारी बसले होते. आईचे दोन्ही हात पिठात, म्हणून दाणा टाकायचं काम आजीनं घेतलं. पोरगी ‘विद्यार्थ्यांनी’ या शब्दाला अडली, ‘वि... विद्... विद्या...’ आणि आजीनं प्रत्येक ‘वि’ला एक असे तीन दाणे टाकले. पोरगी भडकली, ‘एकाच शब्दाला तीन व्हय?’ त्यावर दोघींचं भांडण. शेवटी एका शब्दाला एकच दाणा असं ठरलं. पहिल्या दिवशी 17 दाणे. आठवड्यानं 9. दहाव्या दिवशी एकही नाही. मी खूश. तर आई म्हणाली, ‘बाई, ही वाचत न्हाई, बोलतीया. पान उलटायच्या आधीच गोष्ट म्होरं गेली.’ पोरीनं धडा पाठ केला होता. अक्षर न येणाऱ्या बाईनं ते पकडलं, आणि मी वर्गात दोन दिवस तोच धडा ऐकून मला कळलं नव्हतं. तेव्हापासून नियमात भर घातली, तीन दिवसांनी पान बदलायचं.

ज्या घरी पुस्तकालाच हात लागत नाही तिथं आणखी सोपं काम. जेवताना विचारायचं, ‘आज बाईंनी काय सांगितलं?’ आणि ‘काई न्हाई’ हे उत्तर चालवून घ्यायचं नाही. बास.

वडिलांना हिशेब देते. पाचवीत गुणाकार-भागाकार येतातच. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून दिवसाला दोन टन तोडतात धरा, टनाला 360 रुपये धरा, तर दिवसाचे किती? उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटायला किती दिवस? पोरानं मागच्या हंगामाचा हिशेब घरी मांडला, तर वडील त्याच्या शेजारी येऊन बसले आणि ‘खाड्याचे कसे धरलेस ते दाखव’ म्हणाले. ‘मुलाच्या गणिताकडं लक्ष द्या’ असं मी त्यांना तीन वेळा सांगून झालं होतं, तेव्हा ते नुसते ‘व्हय व्हय’ करायचे.

आणि उलटंही करा. त्यांच्याकडचं शाळेत आणा. अपूर्णांक शिकवताना मी एका आईला पायली आणि अधोली ही धान्याची मापं घेऊन बोलावलं. ती शाळेच्या दारात चपला काढून उभीच राहिली, आत यायला तयार नाही. पोरं ओढून घेऊन आली. तिनं जमिनीवर पोतं अंथरलं, अधोलीनं दोनदा ज्वारी ओतून पायली भरून दाखवली. माप हातानं सपाट कसं करायचं, शीग लावून, म्हणजे वर ढीग ठेवून, कसं द्यायचं, आणि व्यापारी घेताना शीग लावतो आणि देताना सपाट कसा देतो, तेही सांगितलं. माझ्या पाठ टाचणात यातलं काही नव्हतं. ती बाई पुढच्या सभेला पहिल्या रांगेत होती.

सभा घ्यायचीच असेल तर

सकाळी 11 ला सभा ठेवणं म्हणजे रोज बुडवून या असं सांगणं. आता आम्ही संध्याकाळी साडेसातला घेतो, 40 मिनिटं, घड्याळ लावून. जागा मारुतीच्या पारावर कायमची ठेवू नका. तिथं सगळी वस्ती मोकळेपणानं येत नाही, आणि का येत नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. आम्ही एकदा शाळेच्या व्हरांड्यात, एकदा वस्तीवरच्या समाजमंदिरात अशी पाळी लावली आहे. खुर्च्या मांडायच्या नाहीत. सरपंच आले तरी सतरंजीवर, मीही सतरंजीवर. एकदा एका पुढाऱ्यांसाठी खुर्ची टाकली, तर त्यांनी 25 मिनिटं भाषण केलं आणि बाया एकेक करून स्वयंपाकाला निघून गेल्या.

चिठ्ठी छापणं बंद केलं. निरोप लेकरानंच द्यायचा, ‘आई, उद्या मी तुला वाचून दाखवणार हाये.’ सभेत आधी तेच होतं. प्रत्येक लेकरू आपापल्या माणसाजवळ बसून पाच मिनिटं वाचतं किंवा गणित करून दाखवतं. एकाच वेळी सगळी वाचायला लागली की बाजार भरल्यासारखा गलका होतो. होऊ द्या. ज्याचं कुणी आलं नाही त्या लेकराजवळ मी बसते, किंवा आमचे सर बसतात. गुण, श्रेणी, कोण मागं, कोण पुढं, हे चारचौघांत अजिबात वाचायचं नाही. वर्गणीचा विषय त्या दिवशी काढायचा नाही, मग पत्रे गळत असोत की रंगकाम राहिलेलं असो. आणि ‘अमक्याच्या आईकडून शिका’ हे तर कधीच नाही. त्या आईला गावात राहायचं असतं.

15 ऑगस्टला आणि गॅदरिंगला माणसं न बोलावता येतात, कारण आपलं लेकरू दिसणार असतं. झेंडावंदनानंतरची वीस मिनिटं मी सोडत नाही.

संक्रांतीला शाळेत हळदी-कुंकू ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, बाया जमतात म्हणून. पहिल्या वर्षी मीही ठेवलं. पहिलीतल्या एका मुलाची आई दारापर्यंत आली आणि परत फिरली. तिचा नवरा आदल्या वर्षी ट्रॅक्टर उलटून गेला होता. ज्या आईला शाळेनं सगळ्यात आधी जवळ घ्यायचं, तिलाच मी उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. पुढच्या वर्षीपासून नुसता तिळगूळ, सगळ्या आयांना, कुंकू नाही. दोन म्हाताऱ्या रुसल्या. मग 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांबाबतच्या प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा मी त्याची बातमी कापून फळ्याशेजारी चिकटवली. म्हाताऱ्या अजून रुसलेल्याच आहेत, पण तिळगूळ घ्यायला येतात.

समितीच्या सह्या

शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असायला हवी, त्यात 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतूनच. महिन्याला बैठक. कागदावर सगळीकडं हे होतं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी इतिवृत्ताची वही घरोघर फिरते आणि बाया ‘इथं करा’ म्हटलं की सही किंवा अंगठा करतात. अध्यक्ष बाई असेल तर बोलायला नवरा येतो. मी स्वतः दोन वर्षं वही फिरवली आहे, त्यामुळे फार ताठ्यानं काही सांगत नाही.

फरक कशानं पडला? कामानं. कायद्याची कलमं समजावून सांगितल्यानं नाही. दुपारचं जेवण वाढण्याआधी चाखायचं असतं आणि त्याची नोंद चव नोंदवहीत करायची असते. ती पाळी आम्ही आयांमध्ये वाटली, आठवड्याला एक. पहिल्या बाईनं खिचडीचं एक बोट जिभेला लावलं आणि म्हणाली, ‘डाळ शिजली न्हाई. ही लेकरांच्या पोटात दुखंल.’ मदतनीस ताईंना राग आला, थोडी बोलाचालीही झाली. पण डाळ आधी भिजवायची हे त्या दिवसापासून ठरलं. डाळीवर जिचं ऐकलं गेलं ती बाई पुढच्या बैठकीत मुलींच्या शौचालयाच्या कडीबद्दल बोलली. कडी दोन वर्षांपासून मोडकी होती. आमच्या सरांना आणि मला ती दिसत होती, पण कुणी वही काढून लिहिली नव्हती.

अध्यक्षांच्या यजमानांना मी एकदाच म्हटलं, ‘दादा, तुम्ही बाहेर बसा, चहा पाठवते. ताईंना अडलं तर हाक मारू.’ हाक मारावी लागली नाही.

पहिलीत येणाऱ्यांसाठी 2022 पासून ‘पहिलं पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले आणि त्यातून माता गट आले. वरून आलेल्या योजनांपैकी ही मला मनापासून पटलेली. एका गल्लीतल्या चार-पाच आया, त्यांच्यात एखादी दहावीपर्यंत शिकलेली. तिच्या हातात लेकरांकडून काय करून घ्यायचं त्याचं कार्ड द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. आमच्याकडं एका गटाची म्होरकी सून आहे. पहिले पंधरा दिवस सासू म्हणायची, ‘काय शाळा मांडलीय दारात.’ पुढं सासूच खडे मोजायला बसायला लागली.

दसऱ्याच्या आधी

ऊसतोडीच्या गावांत ही भेट चुकवून चालत नाही. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल तर पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यामुळे ‘जाऊ नका’ म्हणण्यात काही अर्थ नाही. ‘लेकरू मागं ठेवा’ म्हणता येतं. पण कुणापाशी, काय खाऊन, आजारी पडलं तर कोण, हे सगळं आपल्याजवळ असेल तरच म्हणावं.

मी वहीचं पान उघडून बसते. आजी आहे का, तिला दिसतं का, तिच्यानं भाकरी होते का. नसेल होत तर हंगामी वसतिगृहाची सोय होते का, त्याची यादी तालुक्याच्या गट साधन केंद्रात वेळेत जाते का. एकट्या आजीपाशी तीन नाती ठेवून गेलेली घरं मी पाहिली आहेत. तिथं आजी सांभाळते की नाती आजीला सांभाळतात हे सांगता येत नाही. मोठी होत चाललेली मुलगी असेल तर आईबाप तिला मागं ठेवायला घाबरतात, आणि त्या भीतीला हसू नका. त्या भीतीवरचा उपाय म्हणून आई मुलीच्या चौदाव्या वर्षी लग्नाचं बोलायला लागते. अशा घरी मी एकटी जात नाही, अंगणवाडी ताईंना बरोबर नेते.

लेकरू बरोबर जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून हातात द्या. नुसतं देऊ नका, ‘कारखान्यावर गेल्यावर जवळच्या शाळेत हे दाखवायचं, ते लेकराला बसवून घेतात’ हे आईला दोनदा म्हणायला लावा. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कारण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भिजतो. बरोबर एक अंकलिपी, दोन गोष्टींची पुस्तकं. पाडव्याला पुस्तकं उसाच्या पाचटाचा वास घेऊन परत येतात, कधी येतही नाहीत. मागायची नाहीत.

फोनवर

मागं राहिलेल्या लेकरांचे आईबाप पाच-सहा महिने दूर, तोडीवरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. रात्री आठच्या पुढं ते फोन बघतात. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहून पाठवलेलं त्यांना वाचता येत नाही, आणि मी आधी तिथं परिपत्रकं टाकत होते! आता आठवड्याला प्रत्येक लेकराचा अर्ध्या मिनिटाचा आवाज किंवा व्हिडिओ त्याच्याच घरी पाठवते, सगळ्यांच्या गटावर नाही. एक ओळ वाचणं, एक पाढा, एक कविता. पलीकडून आवाजातच उत्तर येतं, मागं बैलांच्या घुंगरांचा किंवा जनरेटरचा आवाज असतो. एक बाप फक्त ‘ऐकलं’ एवढंच म्हणतो. पण मी एक आठवडा पाठवायचं विसरले, तर रात्री साडेनवाला त्याचाच फोन आला, ‘पोरगं बरं हाय न्हवं?’

तक्रार, आजारपण, भांडण यातलं काहीही व्हिडिओबरोबर पाठवू नका. दोनशे किलोमीटरवर बसलेला माणूस ते ऐकून काहीच करू शकत नाही, रात्रभर जागा राहतो तेवढं. आजारपण असेल तर फोन करून बोला, औषध सुरू केल्यानंतर.

हे सगळं शाळा सांभाळून, मतदार याद्या आणि ऑनलाइन माहिती भरून कसं करायचं, असं तुम्ही विचाराल. सगळं मीही करत नाही. एखाद्या वर्षी 31 पैकी 22 घरंच होतात. तेव्हा माझा क्रम ठरलेला आहे. तोडीला जाणारी घरं आधी, पहिलीत नव्यानं येणारी त्यानंतर, आणि ज्यांचे वडील शिक्षक किंवा ग्रामसेवक आहेत ती राहिली तरी चालतात. ते स्वतःच येतात, जरा जास्तच येतात.

येत्या जूनमधलं पहिलं घर ठरलं आहे. त्या टँकरच्या वर्षी जी आई दिवसांत होती, तिला मुलगी झाली, ती आता पहिलीत येते आहे. अंगणवाडीच्या ताईंकडून मी तिच्याबद्दल दोन चांगल्या गोष्टी आत्ताच विचारून ठेवल्या आहेत. त्यातली कुठली सांगायची ते अजून ठरत नाही. दावं अजून त्याच खुंटीला असतं, मी जाता-येता बघते.